दोन मल्टिमीटर, आठ महिने: ओहमची रेंज जवळजवळ पडूनच

पहिलं मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स मोजायचं हातातलं मीटर) ठणठणीत असताना दुसरं कशाला घेतलं, असं घरी सगळ्यांनी विचारलं. कारण साधं होतं. व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी बघायचे तर मीटर दोन लागतात, आणि एकाच मीटरचे प्रोब (टोकं टेकवून मोजायच्या वायरी) काढ-घाल करून मी वैतागलो होतो. आता करंटसाठी एक सिरीजमध्ये, व्होल्टेजसाठी एक पॅरललमध्ये, आणि शेजारी वही. दोन्ही मीटरं साधी, ऑटोरेंजवाली, म्हणजे किती मोठा आकडा मोजायचा ते स्वतःच ठरवणारी. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, या वर्गातली मीटरं थोड्याफार फरकाने अशीच निघतात.

घेताना वाटलं होतं, रेझिस्टन्स मोजायला ओहमची रेंज आहेच की, व्होल्टेज भागिले करंट असा भागाकार कोण करत बसणार? पहिल्याच महिन्यात १२ व्होल्ट, २१ वॅटच्या दिव्याने हे डोक्यातून काढलं. ओहम लावून मोजलं तर ०.७ आलं. प्रोब एकमेकांना टेकवले तर नुसत्या वायरींचेच ०.२, म्हणजे दिव्याचे ०.५. वॅट म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, तेव्हा बाराचा वर्ग भागिले ०.५ केलं तर २८८ वॅट! दिव्यावर तर स्पष्ट २१ लिहिलेलं. मग दिवा पेटवून दोन्ही मीटरं लावली: १२.० व्होल्ट, १.७५ अँपिअर. भागाकार ६.९ ओहम, गुणाकार बरोबर २१ वॅट. टंगस्टनची तार तापली की तिचा रेझिस्टन्स दहा-पंधरा पटींनी वाढतो, आणि ओहमची रेंज मोजते ती गार तार. तेव्हा २८८ हा आकडा अगदीच खोटा नव्हता. चालू करण्याच्या पहिल्या क्षणी दिवा तेवढी पॉवर मागतो, म्हणून तर बरेच दिवे बटण दाबतानाच जातात.

खरी किंमत वसूल झाली ती एका कनेक्टरवर. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मध्येच मंद व्हायचा. ओहमवर कनेक्टर तपासला तर ०.२, म्हणजे फक्त वायरींचा आकडा, जोड सलग असल्याची बीपसुद्धा खणखणीत. सगळं ठीक म्हणायचं. मग पंप चालू ठेवून कनेक्टरच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावला: ०.४ व्होल्ट. करंट ५ अँपिअर. म्हणजे ०.०८ ओहम आणि २ वॅट उष्णता, बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकमध्ये! हात लावला तर चटका बसला. आतली पिन काळी पडलेली होती. ०.०८ ओहम साध्या मीटरच्या ओहम रेंजवर कधीच धड दिसत नाही, पण चालू सर्किटमधले ०.४ व्होल्ट तेच मीटर डोळे झाकून दाखवतं. आता गरम होणारी कुठलीही वस्तू आली की मी आधी तिच्यावर किती व्होल्ट पडतायत ते बघतो.

मीटर स्वतःच सर्किटमध्ये ढवळाढवळ करतं, हे मात्र कळायला वेळ लागला. वायफायचं एक ३.३ व्होल्टवर चालणारं बोर्ड मिलिअँपच्या रेंजमधून चालवलं की सारखं रीसेट व्हायचं. मीटर काढलं की शहाण्यासारखं चालायचं. या रेंजमधला शंट (करंट मोजायला आत बसवलेला छोटा रेझिस्टर) आणि फ्यूज मिळून माझ्या मीटरमध्ये १.८ ओहम भरतात. बोर्डाने क्षणभर ३०० मिलिअँपिअर ओढले की ०.५४ व्होल्ट मीटरच खातं, बोर्डाला उरतात जेमतेम पावणेतीन. १० अँपिअरच्या सॉकेटवर हलवलं आणि भुताटकी थांबली, फक्त शेवटचे आकडे गेले. उलट बाजूलाही हेच आहे. व्होल्टमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम, त्यामुळे १ मेगाओहमच्या रेझिस्टरला तो समांतर लावून करंट मोजला की मीटरमधून जाणारा वाटाही त्यात मोजला जातो आणि उत्तर ०.९१ मेगाओहम येतं. मोठा रेझिस्टर असेल तर अशा वेळी ओहमची रेंजच बरी.

उत्तरं किती अंकांपर्यंत लिहायची? माझ्या पुस्तिकेत डीसी व्होल्टेजला अर्धा टक्का आणि करंटला दीड टक्का चूक दिलीय. गुणा किंवा भागा, चुका जमा होतात, म्हणजे दोन टक्क्यांपर्यंत. २०.९७६ वॅट लिहिणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

एसीवर, म्हणजे घरातल्या विजेवर, या जोडीचा फारसा उपयोग नाही. एलईडी दिव्यावर २३० गुणिले ०.०७ केलं की सोळा येतात, दिव्यावर लिहिलेले असतात ९ वॅट. सोळा हे व्होल्ट-अँपिअर आहेत, पॉवर फॅक्टर (या गुणाकारातला खऱ्या वॅटचा वाटा) मध्ये आला की गुणाकाराला वॅट म्हणता येत नाही. मेन्सच्या लाइनमध्ये हातातलं मीटर सिरीजला लावणं धोक्याचंही आहे. त्यासाठी प्लगमध्ये बसणारं वॅटमीटर मिळतं, ते घ्या.

तक्रारी दोन. ऑटोरेंज मेंगळट आहे, आकडा ठरेपर्यंत दोन सेकंद नुसतं बघत बसायचं. आणि बॅकलाइट दहा सेकंदांत विझतो, दोन्ही हातांत प्रोब असताना बटण नाकाने दाबायचं का?

तिसरी गोष्ट मीटरच्या माथी मारता येत नाही. करंट मोजून झाला, लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहिला आणि नॉब फिरवून मी तसाच बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेलो. नॉब कुठेही असो, त्या सॉकेटच्या आत जवळजवळ सरळ तारच असते. फट्‌ झालं, प्रोबच्या टोकावर काळा ठिपका पडला, फ्यूज गेला. फ्यूज नसता तर काय गेलं असतं कोण जाणे, आणि स्वस्तातल्या काही मीटरांत या सॉकेटला फ्यूज नसतोच, घेण्याआधी सॉकेटशेजारी काय छापलंय ते वाचा. त्या दिवसापासून करंटवाल्या मीटरच्या नॉबला लाल टेप चिकटवलीय, आणि ते मीटर व्होल्टेजसाठी हातात घेतच नाही.