कॉटनचा बेल टेंट: राधानगरीच्या पाण्याकाठी एक अख्खा हंगाम

चार मीटर व्यासाचा, कॉटन कॅनव्हासचा, मधोमध एकच खांब असलेला बेल टेंट. वापर ऑक्टोबर ते मे. जागा बहुतेक वेळा राधानगरीचा लक्ष्मी तलाव, काळम्मावाडी आणि धामोडजवळचा तुळशी जलाशय, म्हणजे फुगवट्याच्या वरच्या अंगाला असलेली खासगी रानं. माणसं चार: दोन मोठी, दोन पोरं. निकाल आधीच सांगून टाकतो. तंबू झकास आहे, पण ज्याच्याकडं गच्ची नाही त्यानं घेऊ नये. का, ते पुढं येईलच.

कापड २८५ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला २८५ ग्रॅम), तळाला जाड पीव्हीसी शिवलेलं, खांब अडीच मीटर, कडेची भिंत साठ सेंटिमीटर. जमीन साडेबारा चौरस मीटर भरते, म्हणून जाहिरातीत 'सहा जणांसाठी' लिहितात. सहा जण मावतात ते ओळीनं पडले तर. भिंत बुटकी असल्यामुळं कडेचा अर्धा मीटर फक्त सामानाला उपयोगी. चार माणसं, दोन बॅगा आणि बर्फाचा एक डबा (कूलर) हा खरा हिशेब. सगळं मिळून वजन चोवीस किलोच्या आसपास. कापड भिजलं की त्यात आणखी चारेक किलोची भर पडते. दुचाकीवाल्यांनी नाद सोडावा.

नवा तंबू थेट जंगलात नेऊ नका. घरीच उभा करून पाइपनं चिंब भिजवा, पूर्ण वाळवा, आणि हे दोनदा करा. सुती धागा भिजला की फुगतो आणि शिलाईची भोकं त्यानंच बुजतात. पहिल्या भिजवणीत शिलाईतून पाणी टिपकतंच, लगेच माल परत करायला धावू नका. साबण मात्र कधीच लावायचा नाही. त्यानं कापडाचं जलरोधन निघून जातं.

उभा करायचा क्रम चुकला की झिपचा जीव जातो. आधी तळ पसरा, दाराची झिप पूर्ण बंद करा, मगच तळाच्या खुंट्या ठोका. दार उघडं ठेवून खुंट्या ठोकल्या तर तळ चारदोन बोटं जास्त ताणला जातो, आणि रात्री झिप ओढताना दात सुटतात. मग मधला खांब, मग दाराची कमान, शेवटी दोर. प्रत्येक दोर छताच्या शिवणीच्या रेषेत सरळ बाहेर गेला पाहिजे, तिरका गेला की छताला घडी पडते आणि घडीत पाणी साचतं. दोघांना चाळीस मिनिटं लागतात, सवय झाल्यावर पंचवीस.

दोरांसाठी सोबत येणाऱ्या खुंट्या इथं बिनकामाच्या. पाच मिमी जाड, वीतभर लांब. मुरमात वाकतात आणि जांभ्याच्या खडकात शिरतच नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडं दहा मिमी सळईचे तीस सेंटिमीटरचे तुकडे, एका टोकाला धार आणि दुसऱ्याला आकडा, असे बारा नग करून घ्या. वजन सव्वादोन किलो वाढतं, पण तंबू जागचा हलत नाही. हातोडा किलोभराचा हवा, रबरी चालत नाही. तळाच्या बारीक खुंट्या आहेत त्याच चालतील.

तंबूखाली घालायला वेगळी ताडपत्री कशाला? कोल्हापुरात वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सला काय तोटा. बारा बाय बाराचा जुना फ्लेक्स घ्या, छापील बाजू खाली, चारही कोपरे आत दुमडलेले. तंबूच्या बाहेर फ्लेक्स बोटभरही दिसता कामा नये, नाहीतर छतावरून उतरलेलं पाणी फ्लेक्स आणि तळाच्या मधे शिरून तिथंच बसतं.

जागा निवडताना फोटोच्या मोहात पडून पाण्याला चिकटू नका. रात्री थंड हवा उताराने खाली वाहत जाऊन पाण्याच्या काठावर साचते, दव तिथंच सगळ्यात जास्त पडतं. पंधरावीस फूट उंचावर गेलं तरी सकाळी कापडात फरक हाताला कळतो. झाडाखाली दव कमी पडतं हे खरं, पण आधी मान वर करून वाळक्या फांद्या बघा. नोव्हेंबरात पाणी काठोकाठ असतं. एप्रिल-मेपर्यंत ते इतकं खाली जातं की मधला पट्टा म्हणजे वरून वाळलेला आणि आत पाय रुतणारा गाळ. पोरांना त्यावर सोडू नका.

राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत मनाला येईल तिथं तंबू ठोकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिथं शिरायलाच परवानगी लागते, शेकोटी तर दूरची गोष्ट. हद्दीबाहेरच्या रानातही मालकाला विचारा, आणि गव्यांची वाट कुठली हेही त्याच दमात विचारून घ्या. हा गव्यांचा मुलूख आहे. संध्याकाळी आणि पहाटे ते पाण्यावर येतात, ठरलेल्या वाटेनं येतात आणि अंधारात तुमचा दोर त्यांना दिसत नाही. म्हणून पायवाट आणि शेणाचे पो दिसले की शंभर पावलं बाजूला सरकायचं, दोर चकाकणारे घ्यायचे. राधानगरी धरणाच्या खालच्या अंगाला, भोगावती नदीच्या पात्रालगत, पावसाळ्यात आणि परतीच्या पावसात मुक्काम नकोच. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी चढलं की ते आपोआप उघडतात.

आतली ओल ही पुढची गोष्ट. चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ कुठंतरी जाणारच. नायलॉनच्या तंबूत पहाटे ती थेंब होऊन अंगावर पडते. कॉटनमधून बरीचशी बाहेर जाते, पण वरच्या खिडक्या उघड्या असतील तरच. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की कॉटनही हरतं. पीव्हीसीच्या तळातून मात्र काहीच पार होत नाही, त्यामुळं कापसाची गादी थेट टेकवली तर सकाळी ती खालून दमट लागते. फोल्डिंग खाट उत्तम, फक्त पायांखाली लाकडाच्या फळ्या ठेवा, नाहीतर तळाला भोक. संध्याकाळी तट्ट फुगवलेली एअर मॅट्रेस पहाटे मऊ पडली तर पंक्चर शोधत बसू नका. हवा गार झाली की आकसते. झोपताना दोन पंप मारायचे. आणि तिच्यावर घोंगडं हवंच, कारण आतली गार हवा पाठीतली ऊब ओढत राहते. महागड्या स्लीपिंग बॅगेपेक्षा धनगरी घोंगडं इथं जास्त कामाला येतं. टोचतं, तर वर चादर घाला.

संध्याकाळी दोर टणक करून झोपू नका. दवानं सुती कापड आवळतं आणि रात्रभर खुंट्यांना ओढतं. झोपताना थोडी ढील, सकाळी ऊन आल्यावर पुन्हा ताण. एप्रिल-मेच्या वळवाला उलट वागायचं: दुपारनंतर आभाळ भरलं की सगळे दोर आवळा, खिडक्या बंद करा, आतलं सामान कापडाला टेकू देऊ नका. भिजलेल्या कापडाला आतून जिथं काही टेकतं तिथून पाणी आत झिरपतं. विजा चमकू लागल्या तर गाडीत बसा. मधला खांब लोखंडी आहे.

स्वयंपाक बाहेरच. २३० ग्रॅमची गॅसची डबी पूर्ण आचेवर एक-दीड तास पुरते, तेव्हा रस्सा घरी शिजवून न्या आणि तिथं फक्त गरम करा. मटणाचं भांडं, खरकटं सगळं रात्री गाडीत. थंडीत शेगडी आत घ्यायचा मोह कटाक्षानं टाळा, कोळशाच्या विषारी वायूला ना वास ना रंग. पाण्याचा वीस लिटरचा जार चौघांना पिण्या-रांधण्यापुरता एक दिवस जातो.

परतीच्या पावसात जळवा असतात, त्यांना पायमोज्यावर तंबाखूचं पाणी पुरतं. गोचिडाकडं लक्ष जास्त हवं. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडातूनच पसरतो. वाळक्या पालापाचोळ्यात बसायचं नाही, रात्री पोरांच्या काखा-जांघा तपासायच्या, मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच वनखात्याला कळवायचं.

आता गच्ची. रविवारी सकाळी दव वाळेपर्यंत थांबलं तरी कापडाची दुमड, दोरांच्या गाठी आणि तळाची खालची बाजू ओलीच राहते. तसाच गुंडाळून दोन दिवस ठेवला की काळे ठिपके उठतात, आणि ते जात नाहीत. ब्लीच लावलं तर ठिपक्यासोबत कापडही जातं. म्हणून घरी आल्या-आल्या, कितीही दमलेलं असलं तरी, तंबू गच्चीवर पसरायचा. कठड्यावर छत, दोरीवर भिंतीची कड, तळ उलटा. हिवाळ्यात एक अख्खं ऊन, मार्चनंतर तीन तास. शिवणीला ओठ लावून बघा, गार लागली म्हणजे ओल आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत साडेबारा चौरस मीटरचा तळ कधीच पुरता उलगडत नाही. नेमका तो मधला न उलगडलेला भाग काळा पडतो.

जूनमध्ये तंबू ठेवताना कंपनीच्या नायलॉन पिशवीत कोंबू नका. जुन्या सुती चादरीत सैल बांधा, खुंट्या वेगळ्या, झिपला मेण. माळ्यावर ठेवत असाल तर पत्र्याच्या पेटीत, कारण उंदरांना कॅनव्हास आवडतो. श्रावणात ऊन पडलं की एकदा काढून उलटा घाला.