स्टँटन की वॉल्श?

अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांचा एक नियम होता: हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत असतील, तर सिनेमा अगदीच वाईट असू शकत नाही. पण दोघांत सरस कोण?

‘स्ट्रेट टाइम’मध्ये (1978) दोघेही आहेत. वॉल्श पॅरोल अधिकारी. गोड बोलतो, आणि त्या गोडव्यातूनच समोरच्याचा गळा आवळत जातो. स्टँटन सुटलेला कैदी. घर, बायको, अंगणात पोहण्याचा तलाव, सगळं आहे. तरी बायकोची पाठ वळताच मित्राला म्हणतो, मला इथून बाहेर काढ. बस, एवढ्यात त्याचं अख्खं आयुष्य कळतं.

दोघांनाही मोठी संधी 1984 सालीच मिळाली. ‘ब्लड सिंपल’मधला वॉल्शचा घामट, हसरा खासगी गुप्तहेर अंगावर काटा आणतो. ‘पॅरिस, टेक्सास’मध्ये स्टँटन प्रथमच नायक झाला, तेही 58व्या वर्षी, आणि कितीतरी वेळ एक शब्दही बोलत नाही.

टीव्हीवर स्टँटनचं पारडं जड. ‘बिग लव्ह’मधला त्याचा धूर्त धर्मगुरू विसरता येत नाही.

वॉल्श पडद्यावर आला की दृश्य ताब्यात घेतो. स्टँटन नुसता उभा राहतो आणि आपली नजर त्याच्याकडेच जाते. खलनायक हवा असेल तर मी डोळे मिटून वॉल्शला घेईन. पण रात्री उशिरा एकच सिनेमा पाहायचा असेल, तर स्टँटनचाच.