बीगल जहाजाचं लाकडी किट: मागची काठी मोडकी आली ते बरंच झालं (3 स्टार)

ऑनलाइन मागवलं, साडेतीन हजाराला पडलं, लातूरला यायला नऊ दिवस. खोलून बघतो तर मागची डोलकाठी मधूनच मोडलेली. विकणाऱ्याला फोटो टाकले तर म्हणे सुटा पार्ट मिळत नाही, पूर्ण किट परत करा, आणि मी तोवर अर्धा सांगाडा चिकटवून बसलेलो. दुकानाचं नाव घेत नाही, जाऊ द्या.

लाकूड मात्र चांगलंय. फळ्या नीट कापलेल्या, पॉलिश पेपर फारसा मारावा लागत नाही. दोरा कमी पडतो, मी टेलरकडून बदामी रीळ आणलं. माप 1:100 म्हणजे जहाज जेमतेम फूटभर. खरं बीगल साधारण 27.5 मीटरचं, दोन एसट्या एकामागं एक लावल्या की त्याहून थोडंच मोठं, आणि तेवढ्यात 1831 ला 74 माणसं आणि रेखांश काढायला 22 क्रोनोमीटर म्हणजे एकदम अचूक घड्याळं घेऊन निघाले, पाच वर्षं फिरले. डार्विन त्यातलाच एक, नकाशाच्या टेबलावर झोळी टांगून झोपायचा. कॅप्टन फिट्झरॉय. त्यानंच पुढं इंग्लंडात पेपरात हवामानाचा अंदाज द्यायला सुरुवात केली, मृगाकडं डोळे लावून बसणाऱ्या आपल्या लोकांना हे नाव माहीत पाहिजे खरं तर.

आता खरी तक्रार. खोक्यावर छापलंय डार्विनचं जहाज, आत तीन काठ्या आणि तोफा दहा. असं कसं? 1820 ला लंडनजवळ वुलिचच्या गोदीत बांधलं तेव्हा दहा तोफा होत्या पण काठ्या दोनच. लढाया संपलेल्या, त्यामुळं काम नाही, पाच वर्षं नुसतं उभं करून ठेवलं. मग 1825 ला सर्व्हेसाठी तयार केलं तेव्हा तोफा सहा केल्या आणि मागं तिसरी काठी लावली. पहिल्या फेरीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडं कॅप्टन स्टोक्सनं वैतागून स्वतःला गोळी मारून घेतली म्हणून तर फिट्झरॉय आला. डार्विनवाली ती दुसरी फेरी. तिसरी फेरी ऑस्ट्रेलियाची, 1843 पर्यंत. याची एक ओळ पण माहितीपत्रकात नाही, नुसतं डार्विन डार्विन. शेवटी तर 1845 पासून इंग्लंडातल्या एसेक्सच्या चिखलात स्मगलर पकडायला उभं केलं, पुढं नाव पण काढून नुसता नंबर दिला आणि 1870 ला भंगारात. सरकारी नोकरीच म्हणा ना, पन्नास वर्षांची, त्यातली पाचच लोकांना माहीत.

बाबा रोज म्हणायलेत, नळाला पाणी नाही अन् घरात जहाज बांधायलास. 2016 ला आपल्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं त्यामुळं काही बोलता पण येत नाही.

तर मोडक्या काठीचं काय केलं? काहीच नाही. भोक पुट्टीनं बुजवलं. दोन काठ्या, दहा तोफा, झालं की 1820 चं बीगल एकदम करेक्ट. आमचा बारका म्हणाला, पप्पा मग यात डार्विन नसंल की. नाहीच, तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. खोकं रद्दीत टाकलं.