कॉर्फूतली बोट आणि पंख्याचा टवका

ग्रीसमध्ये 30 हॉर्सपॉवरपर्यंतची बोट चालवायला लायसन्स लागत नाही, हे कुठूनसं कळलं आणि नवरा हट्टालाच पेटला. कॉर्फूच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका छोट्या बंदरातून दिवसभरासाठी बोट घेतली. पेट्रोल वेगळं, 300 युरो डिपॉझिट, तेही रोख. "कार्डाचं मशीन बंद आहे," बोटवाला म्हणाला. माणूस गोड. लेकाचं लाइफजॅकेट स्वतः बांधून दिलं. पावती मागायचं मनात आलं होतं, पण मागे दोन कुटुंबं ताटकळत होती.

दिवस झकास गेला. समोर अल्बेनियाचे डोंगर, खाली तळ दिसेल असं पाणी. किनारे दगडगोट्यांचे, म्हणून उथळात आम्ही शिरलोच नाही.

संध्याकाळी परतलो तर त्याने बाकी बोटीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ इंजिन वर उचललं आणि पंख्याच्या एका पात्यावर बोट ठेवलं. कडेचा टवका उडालेला. 280 युरो कापले. 20 ची नोट परत देताना लेकाच्या केसांतून हात फिरवला!

तो टवका काळपट होता, वर चुन्यासारखं पांढरं किटण. त्याच दिवशी दगडाला घासला असता तर आतलं ॲल्युमिनियम चकाकलं असतं. हर्णैला मामांची होडी आहे, एवढं मला कळतं. सकाळी फोटो काढले नव्हते असं नाही. चांगले 14 काढले, फाटक्या सीटचासुद्धा. पण पंखा पाण्याखाली. पैसे मोजायच्या आधी इंजिन वर घ्यायला लावा, आणि त्याच्यादेखत व्हिडिओ काढा. आम्हाला ते सुचलं नाही. नांगर टाकून लेक पोहत होता तेव्हाच्या एका फोटोत टवका दिसत होता, तो दाखवला. "अकराचा फोटो. तेव्हा बोट कोणाकडे होती?" यावर काय बोलणार?

पोर्ट पोलिसांचं नाव काढलं, तर हसून रस्ता दाखवला. रात्री साडेनऊचं विमान आहे, हे सकाळी गप्पांच्या नादात मीच त्याला सांगून बसले होते.

विमानतळाच्या वाटेवर खायला थांबलो. मेनूच्या तळाशी ग्रीसमध्ये जिथेतिथे दिसते ती ओळ होती: पावती दिली नाही, तर पैसे देण्याचं बंधन ग्राहकावर नाही. नवऱ्याने ती मोठ्याने वाचली. मी म्हटलं, मुकाट्याने जेव.