ग्लॉक १९ वर ट्रिटियमची माशी: दीड वर्षाच्या वापरानंतर

बाबा राज्य राखीव पोलीस दलात होते. नळीच्या टोकावरच्या त्या लहानशा उंचवट्याला ते 'माशी' म्हणायचे. मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीजवळ राहतो आणि इथे सगळे फ्रंट साईट म्हणतात, पण माझ्या तोंडी माशीच येतं. म्हणून इथे पुढची ती माशी आणि मागची ती खाच; नेम धरताना माशी खाचेच्या मधोमध आणायची.

माझं पिस्तूल पाचव्या पिढीचं ग्लॉक १९. कारखान्यातून येताना त्याच्यावर प्लास्टिकची माशी असते, तिच्यावर पांढरा ठिपका, आणि मागच्या खाचेभोवती पांढरी चौकट. दिवसा त्यात काही कमी नाही. पण हे पिस्तूल मी घराच्या रक्षणासाठी घेतलं. संध्याकाळी पॅसेजचा दिवा बंद करून रिकामं पिस्तूल धरून पाहिलं, तर माशी आणि खाच एकाच काळ्या डागात गेल्या. तेव्हा मार्च २०२४ मध्ये रात्री दिसणाऱ्या साईट घ्यायचं ठरवलं.

पहिला संच घेतला तो सवलतीत मिळाला म्हणून: तीन सारखे हिरवे ठिपके, एक पुढे, दोन मागे. प्रत्येक ठिपका म्हणजे ट्रिटियम वायू, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, भरलेली काचेची बारीक नळी. नळीच्या आतल्या भिंतीवर फॉस्फरचा थर असतो आणि ट्रिटियममधून निघणारे इलेक्ट्रॉन त्याच्यावर आदळून तो उजळतो. ना बॅटरी, ना आधी उजेड दाखवायची गरज. लुमिनॉक्सच्या घड्याळांत अशाच नळ्या असतात; त्या स्वित्झर्लंडमध्ये एमबी-मायक्रोटेक कंपनी बनवते. हिरवा रंग निवडण्यामागेही कारण आहे. अंधाराला सरावलेला डोळा हिरव्या-निळसर उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो, त्यामुळे तेवढ्याच वायूत हिरवा ठिपका पिवळ्या किंवा नारिंगीपेक्षा ठळक दिसतो.

घरी पहिला प्रश्न बायकोने विचारला, आणि तो रास्त होता: किरणोत्सारी वस्तू उशाशी ठेवायची? ट्रिटियमच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा इतकी कमी असते की ते काच ओलांडत नाहीत, आणि त्वचेचा वरचा मृत थरही त्यांना अडवतो. नळी फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर जायचं. कचऱ्यात मात्र टाकायची नाही, बनवणाऱ्याकडे परत पाठवायची.

बसवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. साईटच्या कडेला बारीक अक्षरांत बनवल्याचं वर्ष होतं, आणि ते पाच वर्षांपूर्वीचं होतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं, म्हणजे पाच वर्षांत सुमारे पाव वायू संपलेला, आणि फॉस्फर झिजतो तो वेगळाच. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. हातघड्याळाची बॅटरी बदलता येते, ही नळी आपल्याला भरता येत नाही. घेण्याआधी वर्ष बघा, सवलत नंतर.

मग ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आलं. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आमच्याकडे ती पाच दिवस नव्हती. रस्त्यावर दिवा नाही, शेजारी जनरेटर नाही, असा काळोख मी कोकणात आजोळी पाहिला होता, त्यानंतर तेव्हाच. दुसऱ्या रात्री पिस्तूल रिकामं केलं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासला, मॅगझिन दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि गॅरेजमध्ये विटांच्या भिंतीवर नेम धरून पाहिला. तीन हिरवे ठिपके अगदी स्पष्ट दिसले. पण पुढचा कोणता, मागचे कोणते, हे कळेना. तिन्ही सारखे, एकाच रंगाचे. मी ते ओळीत आणले, समाधान वाटलं, मग टॉर्च लावला, तर माशी खाचेच्या बाहेर डावीकडे होती. ठिपके सरळ रेषेत होते, पिस्तुलाची नळी भलतीकडे. आणि ज्या भिंतीवर नेम होता ती भिंत मला दिसतच नव्हती.

त्या रात्री माझी निवडीची सगळी गणितं बदलली. ठिपके किती उजळ, यापेक्षा पुढचा ठिपका मागच्या दोनपेक्षा किती वेगळा दिसतो, हे जास्त महत्त्वाचं.

सप्टेंबरात ट्रिजिकॉन कंपनीचा एचडी संच घेतला, दीडशे डॉलरच्या आसपास. त्यात माशीवरच्या ट्रिटियमभोवती रुंद नारिंगी कडं आहे, खाच यू आकाराची आहे आणि मागच्या दोन नळ्यांभोवती काळी कडी आहेत. वर्षभर तोच लावलेला आहे.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो दिवसा, आणि तो माझ्या वयामुळे. मी ४९ वर्षांचा आहे, प्रोग्रेसिव्ह चष्मा लावतो. माशी हात लांब केल्यावर जिथे येते तिथे माझी नजर धूसर होते. चष्म्याच्या खालच्या भागातून बघायचं तर मान मागे न्यावी लागते, आणि मान मागे गेली की खांदे आणि पकड दोन्ही बिघडतात. पांढरा ठिपका मला धुरकट ढगासारखा दिसायचा. नारिंगी कडं धूसर असलं तरी सापडतं, कारण त्या रंगाचं दुसरं काही समोर नसतं. सरावाला आता कॉम्प्युटरसाठी केलेला एकाच नंबरचा चष्मा नेतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी साईटआधी डोळ्यांच्या डॉक्टरला हाताचं अंतर मोजून द्यावं, असं मी मनापासून सांगेन.

नारिंगी कडं उजेड पिऊन अंधारात थोडा वेळ चमकतं, पण ती चमक काही मिनिटांत विझत जाते. रात्रभर टिकतो तो आतला हिरवा ठिपका. मागचे दोन ठिपके मला अजूनही जास्तच वाटत होते, म्हणून त्यांच्यावर काळ्या परमनंट मार्करचा पातळ हात फिरवला. आता मागे नुसती मंद झाक आहे आणि पुढचा ठिपका स्पष्ट पुढे येतो. साफसफाईच्या तेलाने मार्कर निघतो, दर दोन महिन्यांनी पुन्हा लावतो.

बसवणं अवघड नाही, पण घाई नको. ग्लॉकची माशी आतून लहानशा स्क्रूने धरलेली असते. त्याला पातळ भिंतीचा ३/१६ इंची पाना लागतो आणि निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब. मागची साईट आडव्या खोबणीत घट्ट सरकवायची असते, तिथे साईट पुशर हे ढकलायचं साधनच वापरा. हातोडीचा ठोका काचेच्या नळीला नको. सरकवताना बाबांचं सूत्र आठवलं: गोळी जिकडे न्यायची, खाच तिकडे. १५ यार्डांवर माझ्या गोळ्या तीन इंच डावीकडे पडत होत्या. या पिस्तुलावर माशी आणि खाचेतलं अंतर सुमारे सहा इंच, तेव्हा हिशेबाने खाच उजवीकडे ०.८५ मिलिमीटर सरकवायची होती. पुरता एक मिलिमीटरही नाही. कागदावर आधी मांडलं म्हणून दोन फेऱ्यांत जमलं.

हिवाळ्यात कमी उजेडातल्या नेमबाजीचा एक वर्ग केला, आणि तिथे ट्रिटियमची खरी जागा कळली. टॉर्च लावून लक्ष्यावर उजेड पडला की माशी आणि खाच काळ्या सावल्यांसारख्या दिसतात, हिरवा ठिपका त्यात हरवतो. भर उजेडात त्याचं काम नाही. पूर्ण काळोखात तो दिसतो, पण समोर कोण आहे हे दिसत नाही, आणि जे ओळखलं नाही त्याच्यावर नेम धरायचा नाही, हा नियम माझ्या मुलाला तोंडपाठ आहे, मलाही असायलाच हवा. उरते ती मधली वेळ: समोरचं ओळखता येतंय, पण गडद कपड्यांवर काळी माशी विरघळतेय. त्या पट्ट्यात हा ठिपका अनमोल आहे. पण पट्टा अरुंद आहे, म्हणून पैसे एकाच गोष्टीसाठी असतील तर आधी चांगला टॉर्च घ्या आणि तो एका हाताने वापरायला शिका. मी उलट क्रमाने गेलो, त्यात सहा महिने गेले.

इथल्या मराठी मित्रांपैकी काहींनी विचारलं म्हणून: एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. ग्रीन कार्डधारकांना ती नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, तरी मी वर्ग करून परवाना काढला. कायदा नीट समजला तो त्या वर्गात.

आता रोजचं सांगायचं तर, लॉकबॉक्स उघडला की काळोखात आधी तो एक हिरवा कण दिसतो आणि मूठ कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. बॉक्सच्या झाकणाच्या आत साईट बनवल्याचं वर्ष लिहून ठेवलंय, आणि त्याखाली २०३६: तोवर उजेड निम्म्यावर आलेला असेल, तेव्हा नवीन माशी.