फायबर बोटीचे स्ट्रिंगर बदलले, पावसाळा काढला, आता लिहितो

काल फायबरच्या वर्कशॉपवाल्याशी फोनवर परत वाजलं म्हणून आज लिहायलाच बसलो, नाहीतर हे काम दिवाळीनंतरवर ढकललेलंच होतं. बोटीची कुंडली फार सांगत बसत नाही, १८ फुटी उघडी फायबरची बोट, आत तळाला आधार देणारे दोन लांब स्ट्रिंगर (फायबरनं मढवलेल्या प्लायच्या उभ्या फळ्या), वर फ्लोअर, फ्लोअरखाली फोम, मागे इंजिन लटकतं ती भिंत म्हणजे ट्रान्सम, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. आमच्या साडूंनी ती उरणकडून सेकंडहँड घेतली, टेम्पोवर टाकून कसारा घाटातून वर चढवली आणि इगतपुरीकडच्या एका धरणात त्यांचे माशांचे पिंजरे आहेत तिथं खाद्याच्या गोण्या न्यायला लावली. मी नाशिकच्या सातपूरला मेंटेनन्समध्ये नोकरी काढलेला माणूस, त्यामुळे पाव्हण्यांत कुणाचं काही मोडलं की पहिला फोन मलाच.

तर समुद्रात इतकी वर्षं काढलेली बोट धरणात येऊन दोन पावसाळ्यांत बसली. सगळे म्हणायला लागले फसवलं उरणवाल्यानं, पण तसं नसतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, गोडं पाणी आणि पावसाचं पाणी मस्त मानवतं. त्यात फ्लोअरखाली अंधार, हवा खेळत नाही, फोम ओला, मग काय पाहिजे अजून. तळाला जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर, फोड येतात तेही गोड्या पाण्यात जास्त येतात, धरणातल्या बोटवाल्यांनी हे डोक्यात ठेवा.

फ्लोअरवर पाय दिला की दबायचा. हातोडीच्या दांड्यानं स्ट्रिंगर ठोकत गेलो तर पुढे टणटण आणि मधल्या भागात नुसतं बद्द. स्क्रूड्रायव्हर टोचला तर वरच्या फायबरच्या पापुद्र्यातून आत गेला आणि मुठीपर्यंत गेला, बाहेर काढला तर काळा ओला चोथा आणि त्याचा तो वास. पाणी शिरलं कुठून तर फ्लोअर बसवताना कुणीतरी स्क्रू थेट स्ट्रिंगरच्या प्लायमध्ये मारलेत, भोकांत सीलंटचा थेंबसुद्धा नाही. एकेक स्क्रू म्हणजे पाण्याला आत जायचा एकेक नळ.

फोम तर विचारूच नका. काढायच्या आधी आणि काढल्यानंतर, दोन्ही वेळा बोट टेम्पोसकट कांद्याच्या गाड्या मोजतात त्या वजनकाट्यावर घातली. दीडशे किलोच्या वर फरक! म्हणजे इतके महिने साडू दर फेरीला तीन-चार गोण्यांइतकं नुसतं पाणी फिरवत होते आणि वर पेट्रोल जास्त लागतं म्हणून इंजिनाला शिव्या देत होते. काट्यावाल्यानं दोन्ही पावत्यांवर 'माल' म्हणून 'बोट' लिहिलंय, त्या जपून ठेवल्यात.

आता वर्कशॉप. एमआयडीसीतला एक फायबरवाला, नाव घेत नाही, टाक्या, दारं, बंपर असलं करतो. म्हणाला, 'बोट म्हणजे काय साहेब, उलटी टाकीच की.' तिथंच उठायला पाहिजे होतं असं घरचे म्हणतात पण रेट बरा होता. एक मात्र मी अडून बसलो की दोन्ही स्ट्रिंगर एकदम काढायचे नाहीत, कारण आतला आधार गेला की जुना तळ बसतो, आणि बसलेल्या आकारावर नवीन स्ट्रिंगर चिकटवलात तर तो बाक जन्माचा. वाळूच्या गोण्या लावून तळ सगळीकडून टेकवला आणि आधी डावा स्ट्रिंगर करायचं ठरलं. आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय, वर मॅट (काचेच्या सुट्या धाग्यांची चटई) आणि रोव्हिंगचे (जाड विणलेल्या काचेच्या कापडाचे) थर, ते चिकटवून कडक करायला पॉलिस्टर रेझिन. आठवड्यात झाला. दिसायला एक नंबर, वर राखाडी टॉपकोट मारून चकाचक.

मी वाकून खाली बघतो तर भोकं नाहीत.

स्ट्रिंगरच्या बुडाशी पाणी मधल्या खोलगट भागात यायला जी भोकं असतात ती. मी म्हटलं, 'शेठ, भोकं कुठं गेली?' तर म्हणे, 'बंद केली साहेब, पाणी शिरायला नको म्हणून.' अहो पाणी शिरणारच! पाऊस वरून पडतो, जाळं ओलं येतं, माणसं ओल्या पायानं चढतात, बोटीत पाणी येणार हे धरूनच चालायचं असतं, ते एका जागी जमलं पाहिजे आणि पंपानं नाहीतर मागचं बूच काढून बाहेर गेलं पाहिजे. भोक नाही म्हणजे स्ट्रिंगरच्या पलीकडे कायमचं डबकं, आणि ते डबकं म्हणजेच पुढचा कुजका स्ट्रिंगर. हे मी तिथं उभं राहून समजावून सांगितलं तर त्यानं एक पोरगा बोलावला आणि ड्रिल घेऊन जागच्या जागी भोक पाडायला लावलं, म्हणजे नव्या कोऱ्या प्लायचा कच्चा काठ पाण्याला उघडा! हे बंद भोकापेक्षा वाईट. मी पोराच्या हातातून ड्रिल काढून घेतलं, तिथून भांडण वाढत गेलं, हिशोब अर्धा ठेवून बोट उचलली आणि साडूंच्या शेडमध्ये आणली.

भोक कसं करायचं ते नीट सांगतो कारण बाकी सगळं कुठंही सापडतं आणि याकडे कुणी बघत नाही. पाहिजे त्यापेक्षा चांगलं मोठं भोक पाडायचं, प्लाय पूर्ण सुकलेला पाहिजे, आधी पातळ इपॉक्सी (दुसऱ्या जातीचं, जास्त धरणारं रेझिन) ब्रशनं कडेच्या लाकडाला पाजायचं, मग इपॉक्सीत पावडर घालून घट्ट लगदा करायचा आणि भोक पूर्ण भरून टाकायचं. दुसऱ्या दिवशी कडक झालं की त्या भरावाच्या बरोबर मधून लहान भोक पाडायचं. आता भोकाच्या चारी बाजूंना इपॉक्सी आहे, लाकूड कुठंच पाण्याला लागत नाही. फ्लोअरच्या प्रत्येक स्क्रूला हेच, ट्रान्समच्या बोल्टला हेच. वेळ जातो, साडू कंटाळून चहा घेऊन यायचे आणि म्हणायचे, 'अहो, एका भोकाला दोन दिवस?' हो, दोन दिवस.

भोकाचं माप हा वेगळाच विषय. मी आधी अर्ध्या इंचाची ठेवली होती, दिसायला पुरेशी. पण या बोटीत माशांचं खाद्य असतं, तरंगणाऱ्या गोळ्या, त्या सांडणार, आणि पाण्यात फुगल्या की अर्ध्या इंचाच्या तोंडाशी बूच मारल्यासारख्या बसतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात हेच झालं, उजवीकडे पाणी तुंबलं आणि तीन दिवसांत असला वास सुटला की बोटीत पाय ठेवायला मन होईना. आता सगळी २५ मिमीची केलीत, आणि प्रत्येक भोकातून एक नायलॉनची दोरी ओवून ठेवलीय, दोन्ही टोकांना गाठ, फेरी संपली की पुढेमागे ओढायची, अडकलेलं सगळं निघतं. खर्च जवळजवळ शून्य. अख्ख्या कामात मला सगळ्यात जास्त समाधान या दोरीनं दिलंय, हसायचं तर हसा.

उजवा स्ट्रिंगर आम्ही घरी केला, इपॉक्सीत. इपॉक्सी पॉलिस्टरच्या दुप्पट-तिप्पट महाग, बिल बघून साडूंचा चेहरा उतरला, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला ते धरतं जास्त. मात्र पॉलिस्टरची सवय लागलेल्यांनी इथं सांभाळा. पॉलिस्टरला हार्डनर (रेझिन कडक करणारा दुसरा द्रव) साधारण १ ते २ टक्के, थंडीत जरा वाढवला, उन्हाळ्यात कमी केला तर चालतं. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, वजन करून, जास्त घातला म्हणून लवकर सुकत नाही, उलट कायमचं चिकट राहतं. मॅटसुद्धा नेहमीची चालत नाही, तिचे धागे धरून ठेवणारा डिंक पॉलिस्टरमधल्या स्टायरिन नावाच्या द्रवानं विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट भिजत नाही, म्हणून विणलेलं कापड घ्यायचं.

आणि नाशिकचा जानेवारी! रात्री पारा १० च्या खाली, सकाळी डबा उघडला तर रेझिन काकवीसारखं. डबा कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा आणि अकरानंतर ऊन वर आल्यावरच कामाला हात घालायचा. थंडीत इपॉक्सीवर मेणचट थर येतो तो साध्या पाण्यानं भांड्याच्या हिरव्या घासणीनं धुऊन काढायचा, नुसतं पॉलिश पेपर मारलात तर तो आत चोळला जातो आणि पुढचा थर धरत नाही. प्लाय तळावर थेट टेकवला नाही, खाली थोडी फट ठेवून लगद्यात बसवला, नाहीतर तेवढ्याच रेषेवर तळाला दाब येतो. कोपऱ्यांत लगद्याची गोलाई दिली, वरच्या कडा गोल केल्या, कारण कापड काटकोनात वळत नाही, मागे हवा राहते. तळाला एक जुनी चीर होती तिथं ४ मिमी जाडीला चारी बाजूंनी जवळपास ५० मिमी उतार घासून मग थर भरले. ब्रश ॲसिटोनमध्ये धुऊन परत वापरायच्या नादाला लागू नका, ब्रशपेक्षा ॲसिटोन महाग पडतं, हिशोब करून झालाय.

घासायच्या धुळीबद्दल सगळेच लिहितात, खाज सुटते, मास्क लावा, खरं आहे, पुढे चला. पॉलिस्टर करणाऱ्यांना एकच सांगतो, कोबाल्ट (पॉलिस्टर लवकर सुकायला घालतात ते द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर. आणि डोळ्याला चष्मा, हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

आता कालचं भांडण. पावसाळा धो धो गेला, धरण भरलं, नाशिकला रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं त्या आठवड्यात तर आमचीही बोट रोज पाण्यात होती, पिंजरे सांभाळायला. उजवा स्ट्रिंगर जागचा हलला नाही. डाव्याची, म्हणजे वर्कशॉपवाल्याची, तळाला चिकटवलेली फायबरची पट्टी मधे दोन फूट सुटली, खाली स्टीलच्या फुटपट्टीचं पातं सरकतंय. फोन केला तर म्हणे काम अर्ध्यात नेलं, गॅरंटी संपली. अर्ध्यात का नेलं ते नाही आठवत शेठला.

मी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरत होतो की पॉलिस्टरच भंगार, जुन्या फायबरवर ते धरतच नाही. पण परवा ती सुटलेली पट्टी पूर्ण उचलून बघितली. जिथं सुटली तिथं खाली जुना राखाडी रंग जसाच्या तसा, ग्राइंडर तिथं फिरलाच नाहीये. आणि जिथं पांढरं फायबर दिसेपर्यंत घासलंय तिथं मी छिन्नी लावून ठोकली तरी निघेना, शेवटी छिन्नीची धार गेली. म्हणजे पॉलिस्टरवरचा राग निम्मा मागे घेतो. इपॉक्सी चांगलंच आहे, लाकूड जुनं नवं जोडायचंय तिथं मी तेच घेईन, पण रंगावर इपॉक्सी लावलं असतं तर तेही रंगासकटच सुटलं असतं. रेझिनला पैसे घालायच्या आधी ग्राइंडरच्या ३६ नंबरच्या खरखरीत डिस्कला घाला, त्या स्वस्तही असतात. पोराला शेठनं सांगितलंच नसणार, पोराचा काय दोष.

डावी बाजू आता मीच घासून परत करणार, थंडी पडायच्या आत, ठेवलेल्या अर्ध्या हिशोबातून तेवढं साहित्य आरामात येतं त्यामुळे शेठला पुढचा रुपया नाही. फोम परत भरणार नाही, त्याजागी बंद तोंडाचे रिकामे कॅन पट्ट्यांनी बांधलेत, बोट भरलीच तर तरंगायला तेवढे आहेत आणि ओले झाले तर काढून पुसता येतात. फक्त ट्रान्सम काल सहज ठोकून बघितला तर इंजिनाच्या डाव्या बोल्टाखाली आवाज जरा बद्द येतोय. साडूंना अजून सांगितलेलं नाही, आधी तो बोल्ट काढून भोकात काय निघतं ते बघतो.