टॅरँटुला: केस उडवणारे आणि थेट चावणारे
टॅरँटुला म्हणजे मोठे, केसाळ कोळी. नाव घेतलं की सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. तसं नाही. अमेरिका खंडांतल्या बहुतेक जातींचं हत्यार म्हणजे पोटावरचे केस. धोका दिसला की मागच्या पायांनी पोट खसाखसा घासायचं, बारीक काटेरी केस हवेत उडवायचे. कातडीला नुसती खाज सुटते, डोळ्यांत गेले तर मात्र काही खरं नाही. घासून पोटावर पडलेलं टक्कल पुढची कात टाकली की भरून येतं!

आशिया-आफ्रिकेतल्यांकडे हे केस नाहीत. ते पुढचे पाय उंचावून विषदंत दाखवतात आणि चपळाईने चावतात. भारतात झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोसिलोथेरिया गटातल्या टॅरँटुलांच्या चाव्याने स्नायूंत जबर पेटके येतात.

शिकार दोघांचीही दबा धरूनच. हाताळायला दोन्ही नकोत, पण त्यातल्या त्यात केस परवडले.